ऐतिहासिक कादंबरीतील तेजस्वी नायिका

इतिहासाच्या पार्श्वभूमीवर प्रणय व साहस यांची गुंफण करणाऱ्या अद्भुतरम्य कादंबरीत मानी व निर्भय नायिकेस महत्त्वाचे स्थान असते. बखरी व दप्तरे यांतून मोहिमा, तह, वतने इत्यादींची माहिती मिळते. स्त्रीच्या मनाची नोंद मात्र क्वचितच आढळते. ही उणीव कल्पनेने भरून काढणे, हे ह्या कादंबरीप्रकाराचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही.

यूरोपात हा प्रकार वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) याने लोकप्रिय केला. कल्पित पात्रे पुढे आणि ऐतिहासिक व्यक्ती मागे, असे त्याचे तंत्र होते. आयव्हॅन्हो (१८१९) मधील रिबेका ही अपहरणकर्त्यापुढे न नमणारी नायिका पूर्णतः कल्पित होय. मराठीत रा. भि. गुंजीकर (१८४३–१९०१) यांची मोचनगड (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तीत काळ शिवशाहीचा आहे. गड मात्र कल्पित आहे.

ह. ना. आपटे (१८६४–१९१९) यांनी करमणूक (स्थापना १८९०) ह्या साप्ताहिकातून कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध करून ह्या प्रकारास मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांच्या रूपनगरची राजकन्या ह्या कादंबरीचा विषय राजपूत इतिहासातील आहे. औरंगजेबाशी विवाह टाळण्यासाठी रूपनगरच्या राजकन्येने मेवाडच्या राणा राजसिंहास साहाय्यार्थ पाचारण केले, अशी ही कथा असून बंकिमचंद्रांच्या राजसिंह (१८८२) ह्या बंगाली कादंबरीतही ती येते. चारुमती व राजसिंह यांचा विवाह ही ऐतिहासिक घटना होय. राजकन्येच्या बाणेदार पत्राची कथा मात्र परंपरेने व जेम्स टॉडच्या ग्रंथाने सर्वत्र पोहोचविली. ना. सं. इनामदार यांच्या राऊ (१९७२) मधील मस्तानीविषयीही हेच म्हणता येईल. तिच्याविषयीची समकालीन साधने तुटपुंजी आहेत. वाचकाच्या मनातील मस्तानी प्रामुख्याने कादंबरीने व पुढे २०१५ मधील हिंदी चित्रपटाने घडविली.

याउलट, ज्यांचे कर्तृत्व कागदोपत्री स्पष्ट दिसते अशा स्त्रियाही मराठी इतिहासात आहेत. राजारामाच्या मृत्यूनंतर (१७००) ताराबाईने सात वर्षे औरंगजेबाविरुद्धचा लढा चालविला. तिच्या पश्चात कोल्हापूरच्या गादीची सूत्रे सांभाळणाऱ्या जिजाबाईच्या (मृत्यू १७७३) कारकीर्दीत, १७६५ मध्ये, इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला व पुढील वर्षी करारान्वये परत केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तळेरे येथून एक रस्ता विजयदुर्गाकडे, तर दुसरा गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे जातो. सागरी दुर्ग व घाटमाथ्यावरील राजधानी यांना जोडणारा हा प्रदेश अशा राज्यकर्त्या स्त्रियांच्या राजकारणाचे क्षेत्र होता. त्यांच्या चरित्रात प्रणयापेक्षा सैन्य, महसूल व वारसाहक्क यांचेच प्रश्न अधिक आढळतात.

कादंबरीतील नायिकेचा आनंद घेण्यासाठी तिला इतिहास मानण्याची आवश्यकता नाही. ती गतकालाविषयी कुतूहल जागे करते, हे तिचे खरे कार्य. मात्र कल्पित धैर्याच्या कौतुकात प्रत्यक्ष स्त्रियांचे कर्तृत्व झाकोळले, तर इतिहासातील जी उणीव भरून काढण्यासाठी ही नायिका निर्माण झाली, तीच अधिक वाढते.