बोरघाटाचा ठेका आणि ॲलिसबाई

कर्जतहून गाडी खंडाळ्याकडे चढू लागली की मुले बोगदे मोजू लागतात. मूळच्या मार्गावर ते २५ होते. हा घाट पुरा होण्यात एका बाईचा वाटा होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

काम १८५६ साली सुरू झाले. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यावरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी ठेकेदार फॅव्हिएल यांनी अंग काढून घेतले. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आले, ते थोड्याच दिवसांत आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिसबाई यांनी ठेका सोडला नाही. स्वतः इंजिनिअर नसल्याने त्यांनी प्रत्यक्ष काम ॲडॅमसन व क्लाउझर या जाणत्या इंजिनिअरांवर सोपवले.

पावसाळ्यात काम मंदावे, पटकीची साथ माणसे नेई. म्हणून कोरड्या महिन्यांतच बहुतेक काम उरकावे लागे. १८६१ साली घाटात सुमारे ४२,००० मजूर राबत होते. १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली.

कामाची धुरा एकाएकी अंगावर पडली, तर सारे आपणच करू पाहू नये. जाणत्याच्या हाती काम द्यावे, हे ॲलिसबाईंपासून शिकावे. आणि कष्टाचा दाम वेळेवर दिला नाही, तर काम मोडते, हे फॅव्हिएलच्या दिवसांनी शिकवले. त्या मजुरांत डोक्यावरून माती वाहणाऱ्या बायकाही होत्या. ॲलिसबाईंचे नाव तरी उरले, त्यांचे नाही. पुढच्या वेळी बोगदा लागला, की भगिनींनो, त्यांचीही आठवण करू या.