युवा विनिमय, सकस आहार आणि हिंगण्याचे ताट

भिन्न देशांतील तरुण काही दिवस एकत्र राहून परस्परांच्या जीवनपद्धतीचा परिचय करून घेतात, त्या उपक्रमास आंतरराष्ट्रीय युवा विनिमय म्हणतात. भाषा, क्रीडा व पर्यावरण यांप्रमाणेच सकस आहार आणि खाद्यसंस्कृती हाही अशा विनिमयाचा विषय असतो. नागपूर जिल्ह्यातील हिंगणा तालुक्याच्या दृष्टीने त्यास विशेष महत्त्व आहे. पाहुण्यांपुढे अभिमानाने मांडावे असे पुष्कळ काही येथील पारंपरिक ताटात आहे. मात्र तेच ताट येथील तरुणांपासून दुरावत चालले आहे.

विनिमयाचे स्वरूप

युरोपीय संघाच्या 'इरॅस्मस प्लस' कार्यक्रमातील युवा विनिमय १३ ते ३० या वयोगटासाठी असून, प्रवासाचे दिवस वगळता त्याचा कालावधी ५ ते २१ दिवसांचा असतो. रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या योजनेत शालेय वयातील मुले-मुली सुमारे वर्षभर परदेशी कुटुंबांत राहतात. यजमानांच्या घरी रोज तेथील अन्न खावे लागत असल्याने खाद्यसंस्कृतीची ओळख पुस्तकाविना घडते. आहार हाच विषय असल्यास बाजार व शेताची भेट, एकत्रित स्वयंपाक आणि दैनंदिन आहाराची नोंद या गोष्टींना प्राधान्य दिले जाते. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे निकष उपयोगी पडतात. प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात आणि मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे, असे ही संघटना सांगते.

वर्ध्याचा वारसा

आहाराविषयीच्या अशा देवाणघेवाणीची परंपरा या भागास नवी नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली संघाने हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार केला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्राममध्ये नई तालीमचे कार्य सुरू झाले. तेथे शेती, भाजीपाला व स्वयंपाक ही कामे शिक्षणाचाच भाग होती. डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांततावादी परिषदेच्या निमित्ताने अनेक देशांचे प्रतिनिधी सेवाग्रामला येऊन राहिले होते.

स्थानिक ताट

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, झुणका, जवसाची चटणी आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी हा या परिसराचा जुना आहार. ज्वारीत तंतुमय पदार्थ भरपूर असून ग्लुटेन नसते. जवस हा ओमेगा-३ स्निग्धाम्लाचा उत्तम वनस्पतिजन्य स्रोत आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारीकडे पुन्हा जगाचे लक्ष वेधले गेले.

प्रत्यक्ष शिवारात मात्र चित्र वेगळे आहे. गेल्या काही दशकांत विदर्भातील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीन व कापसाने घेतली. पाखरांचा व रानडुकरांचा उपद्रव, मजुरीचा खर्च आणि न परवडणारा भाव ही त्याची कारणे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार आणि वानाडोंगरी-डिगडोह भागातील वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी यांच्यासाठी भाकरी थापणे सोपे नाही. समोसा, नूडल्स आणि पुडक्यातील खारे पदार्थ चटकन हाती येतात.

याचे मोल आरोग्यास मोजावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २३.४ टक्के महिलांचे अधिक होते. ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. उपासमार आणि अतिवजन एकाच राज्यात शेजारी-शेजारी नांदत आहेत.

परंपरा आणि पारख

परंपरेचे म्हणून सारेच सकस असते असे नाही. तर्रीदार सावजी रस्सा नागपूरची ओळख असला, तरी रोजच्या आहारात तेवढे तेल योग्य ठरत नाही. भूमध्य सागरी आहार २०१० मध्ये, तर जपानची 'वाशोकू' ही खाद्यपरंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समाविष्ट झाली. या परंपरांमध्ये पदार्थांइतकेच महत्त्व ऋतूनुसार अन्न निवडण्याला आणि एकत्र बसून जेवण्याला आहे.

हिंगण्यात असा विनिमय भरवायचा झाल्यास केवळ पदार्थांचे प्रदर्शन पुरेसे होणार नाही. ज्वारी पिकविणारा शेतकरी, भाकरी थापणारी गृहिणी आणि वसतिगृहाची खानावळ चालविणारा या तिघांनाही त्यात स्थान द्यावे लागेल. पाहुणे आठवडाभराने परततील; त्यानंतर खानावळीच्या ताटात भाकरी उरली, तरच हा विनिमय सफल झाला असे म्हणता येईल.