विद्युत वाहनांची सार्वजनिक चार्जिंग व्यवस्था : हार्टफर्ड शहरातील प्रयोगाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विद्युत वाहन ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफ, पेट्रोल व वीज या तिन्ही शक्तींवर चालणाऱ्या मोटारींमध्ये तीव्र स्पर्धा होती. वीजमोटारीच्या पीछेहाटीचे श्रेय बहुधा पेट्रोल इंजिनाच्या श्रेष्ठतेला दिले जाते. प्रस्तुत निबंधात मात्र वाहनापेक्षा चार्जिंगच्या व्यवस्थेकडे लक्ष वेधले असून, त्यासाठी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहराचे उदाहरण घेतले आहे.

तत्कालीन अडचणी :
शिसे-आम्ल बॅटरी जड असे व ती चार्ज होण्यास अनेक तास लागत. तिला एकदिश प्रवाह लागे. अनेक ठिकाणी पुरवठा मात्र प्रत्यावर्ती प्रवाहाचा होता. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या पारा-चाप एकदिशकारकामुळे ही अडचण सुसह्य झाली, परंतु असे उपकरण घरी बसविणे श्रीमंतांनाच शक्य होते. इतरांना सार्वजनिक गॅरेजवर विसंबून राहावे लागे.

हार्टफर्डचा प्रयोग :
१९१० च्या जनगणनेनुसार हार्टफर्डची लोकसंख्या ९८,९१५ होती. अल्बर्ट पोप यांच्या कंपनीने १८९७ मध्ये येथेच 'कोलंबिया' वीजमोटारींचे उत्पादन सुरू केले होते. तथापि शहरात कारखाना असल्याने चार्जिंगचा प्रश्न आपोआप सुटला नाही. तो सोडविण्याचा प्रयत्न हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० च्या दशकाच्या आरंभी केला. ग्राहकाने जनरल व्हेइकल कंपनीचा मालट्रक बॅटरीविना विकत घ्यावयाचा, चार्ज केलेली बॅटरी वीज कंपनीने पुरवावयाची आणि ती संपताच बदलून द्यावयाची, अशी ही योजना होती. ग्राहक मासिक शुल्क व प्रतिमैल आकार देत असे.

या योजनेमुळे बॅटरी खराब होण्याची जोखीम वाहनमालकाकडून वीज कंपनीकडे गेली. बॅटऱ्या सोयीच्या वेळी चार्ज करता येत असल्याने दिव्यांची मागणी ओसरल्यावर रिकामी राहणारी यंत्रसामग्रीही उपयोगात आणणे शक्य होते. या सेवेखालील वाहनांनी एकूण ६० लाख मैलांहून अधिक अंतर कापले. १९२४ मध्ये ही सेवा बंद झाली.

मर्यादा :
ही सेवा एका वीज कंपनीच्या क्षेत्रापुरती व ठरावीक बनावटीच्या वाहनांपुरती सीमित होती. याउलट पेट्रोल गावोगावच्या दुकानांतून डब्यांत मिळत असे. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी व १९१२ चा कॅडिलॅकचा विद्युत स्टार्टर यांनी पेट्रोल मोटार अनुक्रमे स्वस्त व सुलभ केली.

भारतीय संदर्भ :
वाहनांच्या चार्जिंगसाठी वीज कायदा, २००३ खालील परवान्याची आवश्यकता नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरांतील प्रत्येक ३ × ३ किलोमीटर चौकटीत किमान एक केंद्र अपेक्षिले होते. त्याच वर्षी नीती आयोगाने बॅटरी अदलाबदल धोरणाचा मसुदा मांडला. त्यातील मूळ कल्पना हार्टफर्डमध्ये शतकापूर्वीच व्यवहारात उतरली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष :
हार्टफर्डचा प्रयोग तंत्राअभावी थांबला असे म्हणता येत नाही. एका शहराची सोय शेजारच्या शहराशी जोडली गेली नाही, हे त्याचे खरे वैगुण्य होय. लहान शहरात जुन्या वाड्यात वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रिक्षाचालकास स्वतःची वाहन लावण्याची जागा नसते. त्याच्यासाठी सार्वजनिक चार्जिंग हा उपजीविकेचा प्रश्न आहे. म्हणूनच केंद्रांची संख्या मोजण्याबरोबरच जोखीम कोणी पत्करावयाची व बॅटऱ्यांचे प्रमाणीकरण कोणी करावयाचे, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.