बंदरावरचा बावटा

राजिवड्याच्या आमच्या घरात हवामानाचा अंदाज ऐकण्याची एक ठरलेली रीत होती. संध्याकाळच्या बातम्या संपत आल्या की नाना हात वर करीत आणि घरातली सगळी बोलणी बंद होत. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर येई, चुलीवरचे उतू गेले तरी चालेल. नाना बोटीवरचे खलाशी. उतरून वीस वर्षे झाली होती, तरी त्यांचे हे ऐकणे सुटले नव्हते. नवल म्हणजे ऐन पावसाळ्यात ते रेडिओकडे ढुंकूनही पाहत नसत. ‘‘जून-जुलैत दर्या खोटं बोलत नाही,’’ ते म्हणत. ‘‘दिवाळीच्या सुमाराला बोलतो.’’

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आषाढ-श्रावणात समुद्र उघडपणे खवळलेला असतो, म्हणून कोणी त्यात जात नाही. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात उतरतात. भाद्रपद ओसरतो, आकाश धुऊन निघते, पाणी निळेशार होते. ऑक्टोबरच्या उन्हाने समुद्र पुन्हा तापतो. पावसाळ्यात वरच्या थरातले जोरकस वारे एखाद्या वादळाचे शेंडे छाटून टाकतात; ते वारेही आता मंदावलेले असतात. खाली ऊब आणि वर शांतता, एवढे मिळाले की दक्षिणेकडे कुठे तरी कमी दाबाचे एक भोवरे तयार होते. ते बहुधा वायव्येकडे सरकते. कधी ओमानच्या वाटेला लागते. कधी मध्येच वळण घेऊन गुजरात किंवा कोकणाकडे येते. म्हणजे ज्या महिन्यांत माणूस समुद्रावर सर्वांत जास्त विश्वास टाकतो, नेमके तेच महिने दग्याचे. पावसाळ्यासाठी पंचांग पुरते. शरदातल्या वादळाला कोणीतरी आधी येऊन सांगावे लागते.

सांगण्याचा हा इतिहास आपल्या भाषेत शब्दांच्या रूपाने शिल्लक आहे. ‘मोसम’ हा अरबी ‘मौसिम’. इंग्रजांचा ‘मान्सून’ही त्याचाच. ‘तुफान’ अरबी, नूह पैगंबरांच्या काळातल्या पुराला कुरआनात हाच शब्द आहे. ‘बंदर’ फारसी, ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा सोयरा. ‘हवामाना’तली ‘हवा’ही अरबीच. आणि ‘वादळाचा इशारा’ म्हणतो त्यातला ‘इशारा’सुद्धा अरबी, मूळ अर्थ खूण. मराठी मातृभाषा सांगणाऱ्या मुसलमानाला कोणी ‘तुमची भाषा कोणती’ असे विचारले, तर त्याला वेधशाळेचे रोजचे पत्रक दाखवावे, असे मला कधीकधी वाटते.

पण जुन्या दर्यावर्द्यांकडे जे ज्ञान होते ते मोसमाचे होते, एखाद्या विशिष्ट वादळाचे नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे. जुल्फारचा अहमद इब्न माजिद याने १४९०च्या सुमारास ‘किताब अल-फवाइद’ हा नौकानयनावरचा मोठा ग्रंथ लिहिला. वास्को-द-गामाला वाट दाखवणारा हाच, अशी समजूत बराच काळ होती. संशोधक आता ती मानत नाहीत. तारे, बंदरे, खाड्यांची तोंडे, कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे, याचा बारीक हिशेब त्यात आहे. हिंदुस्थानचा पश्चिम किनारा वर्षातून सुमारे तीन महिने ‘बंद’ असतो, हेही आहे. गंमत अशी की हे दिवस हिजरी महिन्यांत मोजलेले नाहीत. चांद्रवर्ष दरसाल अकरा दिवसांनी मागे सरते, आणि वारे काही मोहरम-सफर ओळखत नाहीत. म्हणून अरब नाखुदा इराणी नौरोजपासून दिवस मोजत. आमच्या कोकणातल्या दालदी आणि इतर मुसलमान दर्यावर्द्यांनीही तेच केले. रोजे आणि ईद चंद्रावर, होडी मात्र नारळी पौर्णिमेवर. यात कोणाला कधी काही वावगे वाटल्याचे मी ऐकलेले नाही.

मोसम चुकवून निघालेल्याला हे ज्ञान वाचवू शकत असे. मोसम पाळून निघालेल्याला नाही.

त्यासाठी लागणारे दुसरे ज्ञान एकोणिसाव्या शतकात, आणि तेही बरेचसे आपल्या किनाऱ्यांवर जमले. कलकत्त्याच्या सागरी न्यायालयात काम करणारा हेन्री पिडिंग्टन हा बुडालेल्या आणि वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या चाळीत बसे. कोणत्या जहाजावर कोणत्या तासाला वारा कुठल्या दिशेचा होता हे नकाशावर मांडता मांडता त्याच्या लक्षात आले की वादळ सरळ वाहत नाही, ते गरगरते. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. वेटोळे घातलेल्या सापासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याने १८४८च्या आपल्या पुस्तकात ‘सायक्लोन’ हे नाव दिले. पुस्तकाबरोबर शिंगाच्या पारदर्शक चकत्या मिळत. नकाशावर चकती ठेवली की वादळाचे केंद्र कुठे असेल याचा अंदाज साध्या तांडेलालाही यावा, हा हेतू. १८५३ साली मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते, तेव्हा ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडी आहे असे त्याने गव्हर्नर जनरलला लिहून कळवले. बंदर बांधले गेलेच. १८६७च्या १ नोव्हेंबरला वादळाने ते पार उद्ध्वस्त केले. पिडिंग्टन त्याआधीच, १८५८ साली वारला होता.

ऐकून घेणारे कान तयार व्हायला मोठी किंमत पडली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर वादळ आले आणि सुमारे ६०,००० माणसे गेली. दुसऱ्या वर्षी, १८६५ साली, कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. हवामान खाते १८७५चे. पश्चिम किनाऱ्याची पाळी १८८० साली आली. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठे एवढी बंदरे त्यात होती. रत्नागिरीच्या काठीवर पहिल्यांदा चढला तो हा बावटा. तार आली की बंदरावरचा माणूस दिवसा खुणेची आकृती चढवी आणि रात्री कंदील. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने डोळे वर करून वाचावे, अशी ही लिपी. नानांना सही करता येत नव्हती, पण बावट्यांची ही बाराखडी ते झोपेतसुद्धा म्हणत.

आता ‘वीजळी’कडे येतो.

‘वैतरणा’ ही १८८५ साली स्कॉटलंडात बांधलेली आगबोट. मालक मुंबईची शेफर्ड कंपनी. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून कच्छ-काठियावाडात तिला सगळे ‘वीजळी’ म्हणत. कच्छमधल्या मांडवीहून मुंबई हा तिचा सुमारे तीस तासांचा रस्ता. गुरुवार, ८ नोव्हेंबर १८८८ रोजी दुपारी ती मांडवीहून निघाली. दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. मांडवीला ५२० उतारू चढले, द्वारकेला आणखी भर पडून आकडा ७०३ झाला. लग्नाची वऱ्हाडे होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईस निघालेली मुले होती. पोरबंदरला हवा बिघडली म्हणून ती थांबली नाही, तशीच पुढे गेली. संध्याकाळी मांगरोळजवळ ती दिसल्याचे सांगतात. त्या रात्री मोठे वादळ झाले, आणि त्यानंतर ‘वीजळी’ कोणालाही दिसली नाही. शोधायला आगबोटी पाठवल्या. प्रेते नाहीत, फळ्या नाहीत, काही नाही. उतारू आणि ४३ नोकरमाणसे मिळून ७४६ जीव. टायटॅनिक बुडाली त्याच्या चोवीस वर्षे आधीची ही गोष्ट. मुंबई सरकारने चौकशी केली, तेव्हा जीव वाचवण्याच्या होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हते असे आढळले.

चौकशीचे कागद कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. लक्षात राहिले ते गाणे. झवेरचंद मेघाणींनी ते आपल्या लोकगीतांच्या संग्रहात घेतले, गुणवंतराय आचार्यांनी १९५४ साली त्यावर कादंबरी लिहिली, आणि दोन्हींमुळे एक नाव गुजरातभर घरोघरी झाले: हाजी कासम. कोणी त्याला कप्तान म्हणतात, कोणी तिकिटांचा दलाल. बोट त्याची नव्हती, हे नक्की. पण शेफर्ड कंपनीचे नाव आज कोणाला विचारून पाहा. लोकांनी ‘वीजळी’ कायमची हाजी कासमच्या नावावर करून टाकली.

या कथेत आणखी एक माणूस येतो: लेली, पोरबंदरचा त्या वेळचा गोरा प्रशासक. त्याने म्हणे बोटीला बजावले होते की पुढे जाऊ नका, दर्या चांगला नाही. पण ऐकले नाही. संशोधकांनी शोध घेतला, या प्रसंगाला आधार सापडत नाही. बोट बंदराला लागलीच नाही, तर बजावले कधी आणि कोणाला? तरीही हा प्रसंग सांगितला जातो, आणि मला वाटते, तो सांगितला जाणारच. इशाऱ्याशिवाय आलेला मृत्यू माणसाला सोसत नाही. सातशे माणसे एका रात्रीत गेली आणि कोणाला आधी काही कळलेच नाही, हे मान्य करण्यापेक्षा कोणीतरी सांगितले होते आणि कोणीतरी ऐकले नाही, हे मान्य करणे सोपे जाते. मग सांगणारा शहाणा साहेब आणि न ऐकणारा हाजी अशी वाटणी होते. गाण्याने हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. गाण्यात हाजी कासमबद्दल कळवळाही आहे. पण त्याच्यावरचा आरोप ज्या साक्षीवर उभा आहे ती साक्षच झालेली नाही, एवढे नोंदवून ठेवले पाहिजे.

बोटीवरच्या त्या ४३ जणांत आमच्यासारख्या घरांतले किती, त्यांच्यावर गाणे नाही.

जाता जाता एक गोष्ट. १८८२च्या जूनमध्ये मुंबईवर वादळ येऊन एक लाख माणसे मेली, असे कित्येक याद्यांमध्ये छापलेले आढळते. ते वादळ झालेच नव्हते. संशोधकांनी मागील काही वर्षांत तपासून ते खोटे ठरवले आहे. न झालेले वादळ लाख माणसे मारून यादीत बसते आणि ‘वीजळी’ पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसते. इतिहास लिहिणाऱ्यांनी यावर विचार करावा.

१८९८ साली देशातल्या सगळ्या बंदरांसाठी एकसारख्या खुणा ठरल्या. आज त्यांचे एक ते अकरा असे क्रमांक आहेत. कोकणच्या वर्तमानपत्रांत ‘तीन नंबरचा बावटा’ असतो तो बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे असे सांगणारा. आठ ते दहा महासंकटाचे. अकराव्याचा अर्थ नानांनी मला सांगितला तेव्हा मी लहान होतो आणि घाबरलो होतो. अकरावा बावटा वादळाबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो की इशारा देणाऱ्या केंद्राशी आपला संपर्क तुटला आहे.

व्यवस्था सुधारत गेली, समुद्र आपला वसूल करीत राहिला. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १९४८च्या नोव्हेंबरात खुद्द मुंबईवर वादळ आले. पुढे उपग्रह आले. वादळाला नाव देण्याची पद्धत आपल्याकडे २००४ पासून सुरू झाली. आता किनाऱ्याला ७२ तास आधी सावध करतात, ४८ तास आधी धोका कळवतात, २४ तास आधी पक्का इशारा देतात.

आणि २००९ साली पुन्हा तीच तारीख उगवली. ९ नोव्हेंबरला अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा खात्याच्या नकाशावर होता. त्याचे ‘फयान’ झाले आणि ११ नोव्हेंबरला दुपारी ते मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. किनाऱ्यावरच्या माणसाला दोन दिवस मिळाले. पण आठ-आठ दिवसांचा बर्फ भरून गेलेल्या होड्या आधीच बाहेर होत्या. बंदरावरचा बावटा बंदरात उभ्या असलेल्यालाच दिसतो. आमच्या मोहल्ल्यातून गेलेल्या तीन होड्यांपैकी दोन परतल्या. तिसरीसाठी बायका चार दिवस मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बसून होत्या. चौथ्या दिवशी जुम्मा होता. नमाजनंतर इमामसाहेबांनी दुआ मागितली, ती कोणत्या शब्दांत मागावी हे त्यांनाही ठरवता येत नव्हते: सलामतीची की मगफिरतीची.

२०१७ साली ‘ओखी’च्या वेळी केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार असेच आधी निघून गेले होते आणि शेकडो परतले नाहीत. वाट चुकलेल्या कित्येक होड्या थेट आमच्या देवगडला येऊन लागल्या. त्यांची भाषा कोणाला येत नव्हती. भाकरी-कालवण दिले, त्याला भाषा लागली नाही.

त्यानंतर इशारे लवकर येऊ लागले, सारखे येऊ लागले. २०१९ची दिवाळी त्यातच गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ आमच्या समोरच्याच समुद्रात जन्मले, दोन-तीन दिवस किनाऱ्याला लाटांनी झोडपून ओमानच्या दिशेने निघून गेले. होड्या सोडायच्या तयारीत होत्या तोवर ‘महा’चा इशारा आला. ते गुजरातकडे वळले आणि किनारा गाठण्याआधीच विरून गेले. माझ्या चुलतभावाची होडी त्या हंगामात धक्क्यालाच बांधून राहिली. बर्फ वितळला, डिझेलचे पैसे उसने होते, खलाशांना उचल दिलेली होती. मी फोन केला तेव्हा त्याच्या मागे ऊन पडल्याचे तोच सांगत होता.

‘‘भाई, तू लिहितोस ना वादळावर,’’ तो म्हणाला, ‘‘मग हेपण लिही. तुफान आलं तर सरकार पंचनामा करतं. तुफान आलं नाही तर कोण करतं?’’

मी गप्प राहिलो. पलीकडून धक्क्यावरच्या भोंग्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, ‘‘थांब, परत कायतरी सांगतायत,’’ आणि फोन ठेवून ऐकायला गेला.