परवाना-गुण पद्धत

वाहतुकीचा नियम मोडणाऱ्या चालकाच्या नावावर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार दंडगुण चढवायचे आणि ते ठरलेल्या मर्यादेला पोहोचले की त्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करायचा, अशी व्यवस्था. पैशाचा दंड भरला की पावतीबरोबर प्रकरण मिटते. दंडगुण मात्र पैसे भरल्यावरही चालकाच्या नावावर राहतात, आणि श्रीमंताला व गरिबाला ते सारखेच जड पडतात. या पद्धतीचे खरे बळ त्यात आहे.

अमेरिकेतील कनेटिकट राज्याने १९४७ मध्ये ही पद्धत आणली. जर्मनीत चालकांचे गुण फ्लेन्सबुर्ग शहरातील केंद्रीय नोंदवहीत चढतात. १ मे २०१४ पासून तिथे आठ गुण झाले की परवाना जातो. गुन्हा जितका गंभीर तितकी त्याची नोंद टिकते : एका गुणाची अडीच वर्षे, दोन गुणांची पाच, तीन गुणांची दहा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा गुण झाल्यास सामान्यतः किमान सहा महिने बंदी येते. नव्या चालकाचा परवाना मात्र पहिल्या दोन वर्षांत सहा गुण होताच रद्द होतो. फ्रान्समध्ये १९९२ पासून उलटी रीत आहे. तिथे बारा गुण हाती असतात आणि चुकीगणिक कापले जातात. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले तर चारपर्यंत गुण परत मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत वाहन चालवणाऱ्या मराठी माणसांना तिथली २४ ‘काळ्या गुणां’ची मर्यादा चांगली ठाऊक असते.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात अशी गुणांची तरतूद नाही आणि २०१९ च्या मोठ्या दुरुस्तीनेही ती आणली नाही. इथला मार्ग थेट निलंबनाचा आहे. न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना बजावले की अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, जादा माल भरणे, मालवाहू गाडीत माणसे बसवणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणे या गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (घ) मध्ये विनाहेल्मेट चालकाला एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांच्या अपात्रतेची तरतूद झाली. कलम २०६ खाली पोलीस परवाना जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. कलम १९ नुसार तिथला अधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांची अपात्रता लावू शकतो, दुसऱ्याला परवाना रद्द करू शकतो. कागदावर हा कायदा कित्येक देशांच्या गुणपद्धतीपेक्षा कडक आहे. पण पहिल्या समजेपासून परवाना जाईपर्यंतच्या मधल्या पायऱ्याच त्यात नाहीत.

त्या पायऱ्या शेजारच्या तेलंगणाने घालून पाहिल्या. १ ऑगस्ट २०१७ पासून हैदराबादेत दंडगुण लागू झाले. हेल्मेट नसल्यास एक गुण, दारू पिऊन दुचाकी चालवल्यास तीन, आणि २४ महिन्यांत बारा गुण झाल्यास परवाना वर्षभर निलंबित, अशी ती आखणी होती. सोलापूरला हा प्रयोग परका नव्हे. पुण्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूरवरूनच हैदराबादला जातो आणि इथल्या यंत्रमागांवरची कितीतरी पद्मशाली घराणी तेलंगणातून आलेली आहेत.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गुणपद्धतीची उणीव नेमकी कुठे आहे ते दिसते. ही टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची वसाहत. सुताची पोती आत येतात, तयार मालाच्या गाठी बाहेर जातात, आणि ही ने-आण टेम्पो, ट्रक, छोटा हत्ती यांवर चालते. पाळी सुटली की त्याच रस्त्यावर कामगारांच्या सायकली, दुचाकी आणि रिक्षा येतात. पुढे कुंभारीच्या विडी कामगार वसाहतींची ये-जा याच वाटेने. स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटी पायी निघालेले भाविकही इथूनच जातात. अशा रस्त्यावर भरधाव टेम्पो कोण चालवत होता, हा प्रश्न दंडाच्या रकमेहून मोठा आहे.

ई-चलान मात्र गाडीच्या क्रमांकावर निघते. एमएच-१३ क्रमांकाच्या मालवाहू गाडीचे चलान मालकाच्या मोबाइलवर येते. पुढे मालक ते भरतो किंवा चालकाच्या पगारातून कापतो. दोन्ही प्रकारांत चालकाच्या परवान्यावर काहीच नोंदले जात नाही. उद्या तो दुसऱ्या मालकाकडे लागला तर कोऱ्या पाटीनिशी लागतो. वर्षभर एकही चूक न केलेल्या चालकालाही त्याच्या सावधपणाचा पुरावा कुठून मिळत नाही, आणि हा अन्याय फारसा बोलला जात नाही. कलम १३३ नुसार गुन्ह्याच्या वेळी गाडी कोणाच्या हाती होती हे विचारल्यास सांगणे मालकावर बंधनकारक आहे. गुणपद्धत आणायची तर या कलमाची अंमलबजावणी आधी हवी, नाहीतर गुण चढवायचे कोणाच्या नावावर?

चुकीच्या नावावर गुण चढण्याचा धोका खरा आहे. ब्रिटनचे माजी मंत्री क्रिस ह्यून यांनी २००३ मधल्या अतिवेगाचे गुण पत्नीच्या नावावर घातले होते. २०१३ मध्ये दोघांनाही त्यासाठी तुरुंगवास झाला. जिथे मालक बलवान आणि चालक रोजंदारीवर, तिथे हे ओझे कोणाच्या माथी येईल हे वेगळे सांगायला नको. दुसरा आक्षेप पोटाचा. दिवसभर गाडीवर असणाऱ्याचे गुण हौशी चालकापेक्षा लवकर भरतात आणि परवाना गेला की पोटावर पाय येतो. म्हणून जुने गुण मुदतीनंतर गळून पडणे, प्रशिक्षणाने काही गुण कमी होणे आणि मर्यादा जवळ आल्याची सूचना आधीच मिळणे, या तीन गोष्टींशिवाय ही पद्धत कष्टकऱ्यावर अन्याय करील. जादा माल भरण्याचा दोष तर एकट्या चालकाचा मानणेच चूक आहे. गाडीत किती गाठी चढवायच्या हे बहुधा कारखान्याच्या दारात ठरते. कलम १९४ मध्ये जादा मालासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, आणि गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवायला लावणाराही त्यात सापडतो.

सध्याच्या कायद्यात चालकाला बचावाची वाट आहे आणि ती प्रत्येक टेम्पोचालकाला माहीत असायला हवी. परवाना अपात्र ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, अपात्रतेची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत त्याला अपील करता येते.