अवशेष आणि अभिनय : सुलोचनांच्या स्मृतिवस्तूंचे वाचन

मूकपटाच्या इतिहासलेखनापुढील मूलभूत अडचण अशी की, त्याची संहिताच बहुतांशी नष्ट झालेली आहे. भारतात सुमारे १३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी फार थोडे, तेही अनेकदा तुकड्यांच्या स्वरूपात, उरले. ज्वालाग्राही नायट्रेट फीत टिकली नाही; कागद टिकला. त्यामुळे छायाचित्रे, भित्तिपत्रके व जाहिराती जपणारा संग्राहक नकळत इतिहासाचा साधनपुरवठादार ठरला.

पुण्यात १९०७ साली जन्मलेल्या रूबी मायर्स, अर्थात सुलोचना, यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या आज अनुपलब्ध मूकपटात त्यांनी आठ वेगवेगळी रूपे साकारली होती. त्या अभिनयाचे मर्म एका रूपातून दुसऱ्या रूपात शिरण्याच्या गतीत असणार; स्थिरचित्र मात्र नेमकी ही गतीच वगळते. शिवाय ते प्रसिद्धीसाठी योजलेले असते. संग्राहक जपतो ती तारका, नटी नव्हे. वस्तूवरचे नावही पडद्यासाठी घेतलेले, ‘सुलोचना’ हेच.

म्हणून अशा संग्रहाला हरवलेल्या चित्रपटाचा पर्याय मानणे ही पद्धतिशास्त्रीय चूक ठरेल. तो प्रसिद्धियंत्रणेचा आणि प्रेक्षकांच्या अभिलाषेचा दस्तऐवज आहे. त्या अर्थाने तो अस्सलच होय. सुलोचनांना १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला, परंतु ज्या मूकाभिनयाने त्यांची कीर्ती घडविली, त्याचे मूल्यमापन करण्याची वाट बव्हंशी बंदच राहिली. ही पोकळी संग्रहाने झाकू नये, दाखवावी.