पाटल्या, पुस्तेलु आणि हलव्याचा हार

स्मरणिकेत सेक्रेटरीसाहेबांचा लेख आहेच. नोंदणी, पाण्याची टाकी, गच्चीची गळती, रंगकाम, कन्व्हेयन्स असं सगळं त्यात आलेलं असेल. मला समितीने सांगितलं, "वहिनी, तुम्ही बायकांच्या बाजूने काहीतरी जुनं लिहा." मी ठरवलं, दागिन्यांवर लिहायचं. रौप्यमहोत्सव म्हणजे नावातच चांदी, तेव्हा विषय अगदी बाहेरचा नाही. आणि आपल्या इमारतीच्या पायात सोनं किती गेलंय, हे कुणीतरी एकदा लिहून ठेवायलाच हवं.

चार मुलुखांचे दागिने

धामणकर नाका हा यंत्रमागांच्या खडखडाटावर वाढलेला भाग. जवळच पद्मानगर, तिथे तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज. पलीकडे कामतघर, वऱ्हाळादेवीचं देऊळ, तलाव आणि जुनी आगरी वस्ती. मग घाटावरून, कोकणातून, खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेले आपण. त्यामुळे आपल्याकडच्या एका हळदीकुंकवाला जेवढे प्रकार दिसतात तेवढे सराफाच्या काचेतही एकत्र दिसायचे नाहीत. कुणाच्या गळ्यात ठुशी, कुणाच्या बोरमाळ, कुणाच्या कोल्हापुरी साज. साजाची परंपरेने एकवीस पानं, त्यातली दहा विष्णूच्या दशावतारांची मानतात. आगरी घरातल्या लग्नात तर सोन्याचा थाटच वेगळा.

आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू. त्यांच्या मंगळसूत्रात आपल्यासारख्या वाट्या नाहीत, दोन गोल पत्रे असतात. त्यांना पुस्तेलु म्हणतात. एक माहेरचा, एक सासरचा. आपल्याकडेही दोन वाट्यांतली एक माहेरची आणि एक सासरची अशीच समजूत आहे. भाषा वेगळी, आकार वेगळा, हिशेब तोच. पंचवीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर अशा गोष्टी कळतात.

हातघडणीचा काळ

पूर्वी दागिना "विकत घ्यायचा" नसे, "करायला टाकायचा" असे. सोनार घरचा असल्यासारखा. सोनं त्याच्यासमोर तोलून द्यायचं, तेही गुंजांच्या हिशेबात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. आताच्या मापात तो तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा. आपण दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायला लागलो ते नंतर. कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासून कस बघायचा, मग मुशीत वितळवायचं, तार ओढायची, पत्रा ठोकायचा, टंकणखार लावून डाक द्यायचा. बोरमाळेचा मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली, म्हणून थोड्या सोन्यात भरघोस दिसतो. गरिबाच्या लेकीलाही गळा भरलेला दिसावा, ही अक्कल त्या कारागिरांची.

सोनाराचं काम झालं की दागिना पटवेकऱ्याकडे. मणी रेशमात गाठवायचे, गोंडा बांधायचा, मागचा गोफ वळायचा. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो भराभर गाठी मारत जायचा. आता तयार साखळ्या मिळतात, त्यामुळे चांगला पटवेकरी शोधावा लागतो. ज्यांच्याकडे जुनी ठुशी किंवा तन्मणी आहे त्यांना ही अडचण बरोबर माहीत असेल.

या कारागिरांवर मोठा घाव बसला तो १९६३ साली. चीन युद्धानंतर मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेट म्हणजे निम्म्याहून थोडंसंच जास्त सोनं. आपल्या बायकांना ते पसंत पडेना आणि कितीतरी सोनारांची रोजीरोटी गेली. पुढे कॅरेटचं बंधन सैल झालं, १९६८ ला वेगळा कायदा झाला आणि तो १९९० ला रद्द झाला. माझ्या सासूबाईंचं लग्न त्या चौदा कॅरेटच्या दिवसांतलं. नवं काही करायचं नाही म्हणून त्यांच्या आईने स्वतःच्या अंगावरच्या पाटल्या उतरवून लेकीला घातल्या. त्या पाटल्या पुढे माझ्याकडे आल्या. त्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच.

मुंबईची खरेदी

भिवंडीहून मुंबईला जायचं म्हणजे तेव्हा मोहीमच. आपलं भिवंडी रोड स्टेशन दिवा–वसई मार्गावर, व्हीटीला जाणारी सरळ लोकल नाही. म्हणून एसटीने किंवा शेअर रिक्षाने ठाणे नाहीतर कल्याण गाठायचं आणि तिथून लोकल. दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर लगीनसराईच्या आधी आम्ही चारपाच जणी मिळून जायचो. डबे बरोबर, पैसे रुमालात बांधून ब्लाऊजच्या आत. साड्यांना दादरचं रानडे रोड, कापडाला मंगलदास मार्केट, किरकोळ वस्तूंना क्रॉफर्ड मार्केट. मुंबादेवीला हात जोडायचे, झवेरी बाजारातल्या काचा डोळे भरून बघायच्या आणि खरेदी करायची भुलेश्वरला. तिथे मोती, पोत, खडे, बेंटेक्सच्या बांगड्या. दोनशे रुपयांत चार लग्नं निभावतील एवढा ऐवज पिशवीत यायचा.

नंतर टीव्हीने फॅशन ठरवायला सुरुवात केली. २०१३ ला "होणार सून मी ह्या घरची" लागली आणि जान्हवीचं लांब मंगळसूत्र घरोघर आलं. २०१५ ला "बाजीराव मस्तानी" आला आणि कपाटात पडलेल्या नथी बाहेर निघाल्या. मुलींनी जीन्सवर नथ घातली तेव्हा जिन्यात चर्चा झाली होती. मला मात्र बरं वाटलं. दागिना पेटीत राहण्यापेक्षा नाकात असलेला बरा.

सोनं घेण्याची रीतही बदलली. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी क्रमांक असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट. कसोटीचा दगड गेला, भिंगातून बघायचा आकडा आला. फसवणूक कमी झाली हे खरंच.

पायातलं सोनं

आता मुख्य गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे फ्लॅट घेतले तेव्हा बँकेचं कर्ज पूर्ण किमतीला मिळत नव्हतं. सुरुवातीची रक्कम स्वतःची लागायची. ती कुठून आली? या लेखासाठी मी घरोघर जाऊन बसले, चहा प्यायले आणि हाच प्रश्न विचारला. बहुतेक ठिकाणी आधी हसणं, मग गप्प, मग उत्तर एकच: "माझं मोडलं." कुणाची मोहनमाळ, कुणाच्या बांगड्या, अक्कांचा सासरहून आलेला हार. आमच्या घरी सासूबाईंच्या त्या पाटल्या आणि माझं मिळून पाच तोळे गेले. २००० साली दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आसपास होता. तोच २०२५ मध्ये लाखापलीकडे गेला. तरी पश्चात्ताप नाही. डोक्यावर छप्पर आलं, मुलं शिकली.

पुढेही सोनंच धावून आलं. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, माग बंद पडायला लागले. मग २०२० चं लॉकडाऊन. त्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा काही महिन्यांपुरती दिली होती. आपल्या बिल्डिंगमधून किती पिशव्या त्या काळात बँकेत गेल्या ते ज्यांचं त्यांना माहीत.

आता भाग प्रमाणपत्रं काढून बघा. बऱ्याच घरांत त्यावर नाव एकाचंच. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं. पण सोनं वितळून सिमेंट झालं की त्यावर नाव उरत नाही. कुणाला दोष द्यायचा नाही, तेव्हा तशीच पद्धत होती. आता मार्ग सोपे आहेत. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणीचे आणि इतर आकार वेगळे. बाईच्या नावाने घर घेतलं तर एप्रिल २०२१ पासून शुल्कात एक टक्का सवलत आहे. कमिटीला माझी विनंती, येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि ज्यांना दुसरं नाव लावायचं आहे त्यांना कागदपत्रांची माहिती द्यावी.

हलव्याचे दागिने

सगळेच दागिने सोन्याचे नसतात. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला आपण हलव्याचे दागिने घालतो. तीळ किंवा साबुदाणा परातीत मंद आचेवर ठेवून थेंबथेंब पाक घालत हलवत राहायचं. घाई केली की काटा फुटत नाही. मग ते पांढरेशुभ्र दाणे ओवून हार, बाजूबंद, मुकुट. काळ्या साडीवर काय खुलतं ते! आपल्या काही जणींनी हौसेने सुरू केलं आणि आता डिसेंबरपासूनच त्यांच्याकडे ऑर्डरी असतात. बँकेत त्यांची स्वतःच्या नावाची खाती आहेत, हे मी मुद्दाम लिहिते. गेल्या संक्रांतीला अक्कांच्या नातसुनेनेही हलव्याचा हार घातला. तो गळ्यात पुस्तेलुच्या शेजारी शोभून दिसत होता.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय पुढच्या पिढीतल्या कुणीतरी पुढे न्यावा आणि तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्रावर दोन नावं असावीत.